ग्राम्य आणि अश्लील : नभोवाणीची चाळणी आणि लोकगीताचे शब्द

एखाद्या गीताचे शब्द आक्षेपार्ह आहेत, सबब ते नभोवाणीवरून वाजवू नये, असा शेरा फायलीवर पडतो तेव्हा तो प्रशासकीय निर्णय म्हणून नोंदला जातो. वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, असा आपल्याकडे एक सोयीचा समज आहे. वस्तुतः शेरा लिहिणारा अधिकारी त्या क्षणी काव्यदोषांचाच विचार करीत असतो. कोणता शब्द दुष्ट, कोणासाठी दुष्ट, कोणत्या प्रसंगी दुष्ट, हे तो ठरवीत असतो. त्याच्यासमोर मम्मट नसतो एवढेच. स्वातंत्र्योत्तर काळात मराठी लोकगीताचे जे रूप 'लोकगीत' म्हणून सर्वमान्य झाले, ते घडविण्यात या नाव नसलेल्या समीक्षकांचा वाटा छापील समीक्षेपेक्षा मोठा आहे. त्यांच्या निकषांची परीक्षा म्हणूनच करायला हवी.

प्रारंभी संस्कृत काव्यशास्त्रातील एका भेदाकडे लक्ष वेधतो. दोषप्रकरणात ग्राम्य आणि अश्लील हे दोन दोष स्वतंत्रपणे सांगितलेले आहेत. लज्जा, जुगुप्सा आणि अमंगल यांपैकी एकाची जाणीव जागी करणारे ते अश्लील. म्हणजे अश्लीलतेचा संबंध श्रोत्याच्या मनात उठणाऱ्या प्रतिक्रियेशी आहे. ग्राम्यतेचा संबंध तसा नाही. तो शब्द कोठल्या लोकांच्या तोंडचा आहे, याच्याशी आहे. नागर गोष्टीत खेड्यातला शब्द आला की तो ग्राम्य, मग त्याचा अर्थ कितीही निरुपद्रवी असो. शिवाय हे दोन्ही दोष अनित्य मानले गेले आहेत. विदूषकासारख्या पात्राच्या तोंडी ग्राम्य शब्द शोभतो, शृंगारगोष्टीत अश्लीलही गुण ठरते, असे मम्मट सांगतो. वक्ता कोण, श्रोता कोण, प्रसंग कोणता हे पाहिल्याखेरीज दोष ठरत नाही, एवढी समज अकराव्या-बाराव्या शतकातील शास्त्राला होती. विसाव्या शतकातील प्रसारणव्यवस्थेने या दोन दोषांची सरमिसळ केली, आणि तीही एका विशिष्ट दिशेने. जे ग्राम्य होते ते अश्लील म्हणून अडविले गेले. जे नागर लेखणीतून उतरले होते ते शृंगाराने कितीही ओथंबलेले असले तरी सुटले.

ही दिशा कशी ठरली, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९४६ मध्ये हंगामी सरकारात माहिती व प्रसारण खाते सरदार पटेलांकडे असताना, ज्यांचे खाजगी आयुष्य लोकापवादाचा विषय झाले आहे अशा गायिकांना नभोवाणीची दारे बंद करण्याचे धोरण आले. डेव्हिड लेलिव्हेल्ड यांनी आकाशवाणीच्या संगीतप्रशासनावरील आपल्या १९९४ च्या निबंधात या धोरणाची चर्चा केली आहे. उत्तरेत त्याचा रोख तवायफांवर होता. महाराष्ट्रात त्याच तर्काने कोणावर संशय येणार, हे सांगायला नको. तमाशाच्या फडातील कोल्हाटी, महार, मांग समाजातील स्त्रीचे आयुष्य 'खाजगी' असण्याची मुभा तिला कधी मिळालीच नव्हती. त्याच सुमारास बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबई राज्यात तमाशावर बंदी घातली. कलावंतांच्या प्रयत्नांनंतर ती उठली, दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली सुधारणेसाठी समिती आली, आणि वगाची संहिता तपासणीसाठी लिहून देण्याची वहिवाट पडली. ज्या नाट्यप्रकारात संवाद उभ्या उभ्या रचले जातात, त्याच्याकडे लेखी प्रत मागणे म्हणजे त्या प्रकाराला आधी दुसरेच काही व्हायला सांगणे होते. 'तमाशा'चे 'लोकनाट्य' झाले ते या काळात. नामांतराची ही कथा अनेकदा प्रगतीची कथा म्हणून सांगितली जाते. ती मला तशी वाटत नाही.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व प्रसारणमंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. केसकर पुण्याचे. शास्त्रीय संगीताविषयी त्यांची निष्ठा खरी होती, यात संशय नाही. परंतु निष्ठेचे धोरण झाले की ती इतरांच्या गळ्यावर बसते. चित्रपटगीतांना त्यांनी कात्री लावली, निर्मात्यांनी प्रक्षेपणाचे हक्क काढून घेतले, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू करून आकाशवाणीला तो श्रोता परत मागावा लागला. हा इतिहास सर्वज्ञात आहे, त्यावर अधिक रेंगाळत नाही. त्याचा दुर्लक्षित भाग असा की चित्रपटगीताची जागा भरून काढण्यासाठी सुगम संगीत नावाचा जो प्रकार घडविला गेला, त्याने शब्दांकडे पाहण्याची एक विशिष्ट सवय लावली. गीत आधी कागदावर येते, कागदावर मान्य होते, मग त्याला चाल लागते. गीतकार मान्यताप्राप्त असतो, गायक श्रेणीबद्ध असतो. यशवंत देवांनी 'शब्दप्रधान गायकी' या नावाने ज्या गायनविचाराची मांडणी केली, तिचे सौंदर्यशास्त्रीय मोल मी कमी लेखत नाही. पण ज्या संस्थेत हा विचार रुजला, तिथे 'शब्द' याचा अर्थ 'लिहिलेला शब्द' असाच होता.

या सवयीचा परिणाम पाहायचा तर ग. दि. माडगूळकरांकडे पाहावे. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले आणि पुढल्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत छप्पन्न गीते प्रसारित झाली. सीताकांत लाड यांची कल्पना, सुधीर फडके यांच्या चाली. मराठी नभोवाणीच्या इतिहासातील हा सर्वोच्च क्षण मानला जातो आणि ते योग्यच आहे. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका'साठी त्याच लेखणीने लावण्या लिहिल्या. वसंत पवारांच्या चालीवर आशा भोसले यांनी गायिलेली बुगडीची लावणी घरोघर गेली. दागिना सांडण्याचे निमित्त करून एक स्त्री काय सांगते आहे, हे न समजणारा श्रोता त्या काळीही नसेल. तरीही ही लावणी 'आपली आवड'च्या जगात शोभून गेली. का? शब्द निर्मळ होते म्हणून, असे उत्तर दिले जाईल. शब्द निर्मळ होते हे खरे. व्यंग्यार्थ मात्र फडावरच्या लावणीहून वेगळा नव्हता. वेगळी होती ती त्या शब्दांची नोंदणी: त्यामागे माडगूळकरांचे नाव होते, संस्कृतची सावली होती, आणि गाणारी स्त्री फडावर उभी नव्हती.

लावणीच्या बाबतीत कागद किती अपुरा साक्षीदार आहे, हे बैठकीची लावणी ज्यांनी ऐकली आहे त्यांना सांगावे लागणार नाही. यमुनाबाई वाईकरांसारख्या गायिकेकडे लावणीची एक ओळ पुनःपुन्हा येते. प्रत्येक वेळी अदा निराळी, म्हणून अर्थ निराळा. पहिल्या वेळी तक्रार, दुसऱ्या वेळी आर्जव, तिसऱ्या वेळी उघड चिडवणी. संहितेत मात्र ती एकच ओळ असते. ध्वनिकारांच्या परिभाषेत बोलायचे तर येथे व्यंजकता शब्दात नाही, काकूत आणि अभिनयात आहे. नभोवाणीने यातला अभिनय काढून टाकला, कारण ती दाखवू शकत नव्हती. उरला आवाज. गंमत अशी की या वजाबाकीने लावणीला एक नवे घर मिळाले. सुलोचना चव्हाण यांचे उदाहरण येथे फार बोलके आहे. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटले. त्या जाहीर कार्यक्रमांत पदर डोक्यावर वा खांद्यावर लपेटून, एका जागी उभे राहून गात. शब्द कसा फेकायचा, कोठे अडवायचा, कोठे सोडायचा हे त्यांना पती श्यामराव चव्हाण यांनी शिकविले, असे त्या सांगत. अदा सगळी उच्चारात गोळा झाली होती. एखाद्या अक्षरावरचा किंचित जास्त भार एवढ्यानेच त्या ओळीचा सगळा रोख बदलून टाकीत. म्हणजे काय झाले? ज्या संस्थेने लिखित शब्द तपासून गीत आत घेतले, तिच्याच यंत्रातून तो अलिखित भार महाराष्ट्रभर गेला. चाळणीची भोके कागदाच्या मापाची होती, आवाज त्यांतून सहज निसटला. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या गेल्या. त्यांच्या गायनाची समीक्षा अजून गौरवलेखांच्या पुढे सरकलेली नाही.

दादा कोंडके यांनी याच फटीचा उलटा उपयोग केला. 'सोंगाड्या' १९७१ चा. त्यानंतरच्या त्यांच्या चित्रपटांतील गीतांचा एकेक शब्द सुटा काढून दाखविला तर कोणत्याही मंडळाला तो कापता येऊ नये, अशी ती रचना असे. आक्षेप घ्यावा तर आक्षेप घेणाऱ्याने दुसरा अर्थ आपल्या तोंडाने सांगावा, आणि सांगितला की तो त्याच्याच मनातला ठरावा, ही कोंडक्यांची युक्ती वगातल्या सोंगाड्याची आहे. अभिजन टीकाकारांनी त्यांच्यावर द्व्यर्थीपणाचा ठपका ठेवला. परंतु श्लेष हा आपल्या काव्यपरंपरेचा मानबिंदू आहे. राम जोशी संस्कृत शास्त्रांत मुरलेला होता आणि त्याच्या लावण्यांतील श्लेषाचे कौतुक करायला आपण कचरत नाही. कोंडक्यांच्या श्लेषाचा खरा दोष तो पुष्कळदा कंटाळवाणा आहे, हा. दुसरा अर्थ एकदा कळला की पहिल्याला काही काम उरत नाही. माडगूळकरांच्या लावणीत दागिना दागिनाही राहतो. हा वाङ्मयीन भेद आहे आणि तो सांगता येतो. त्यासाठी अश्लीलतेचा आरोप लागत नाही.

गवळणीविषयी एक वाक्य पुरे आहे: तीच छेडाछेडी, तीच अडवणूक, पण अडविणारा कृष्ण असला की नभोवाणीच्या वेळापत्रकात ती सकाळच्या भक्तिगीतांतही बसू शकते.

येथवरचा विचार लावणीपुरता होता, आणि लावणीचे रचनाकार व श्रोते पुष्कळ अंशी लेखनाच्या कक्षेत होते. लेखनाच्या पूर्णपणे बाहेर असलेल्या गीतांचे काय झाले, हा प्रश्न नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, पेठ-सुरगाण्याच्या बाजूला, अधिक तीव्रपणे उभा राहतो. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने ग्रामीण श्रोतृमंडळांचा जो प्रयोग केला, तो पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत झाला. त्यांत नाशिक जिल्हाही होता. पॉल न्यूराथ यांनी त्याचा अहवाल लिहिला. प्रयोग महत्त्वाचा होता, श्रोत्यांना प्रश्न विचारता येत होते, त्यांच्या चर्चेचे वृत्त केंद्राकडे जात होते. पण त्या रचनेत खेडे हा शिकणारा पक्ष होता. त्याला खत, बियाणे, आरोग्य यांविषयी सांगायचे होते. पुढे शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमांत लोकगीत आले ते दोन माहितींमधला विसावा म्हणून. विसाव्याला तक्रार चालत नाही, शिवी तर नाहीच.

पेठ परिसरात कोकणा, महादेव कोळी, वारली यांची वस्ती आहे. वारल्यांच्या लग्नात धवलेरी विधीची गाणी म्हणते. विधीच्या भोवताली मात्र दोन्ही पक्षांच्या बायका एकमेकींना डिवचणारी गाणी म्हणत असतात. अशी गाणी महाराष्ट्रात सर्वत्र होती. विहिणींच्या पंक्तीत ब्राह्मण घरांतही होती. त्यांत व्याह्याची कंजुषी निघते, विहिणीचे चालचलन निघते, वराच्या पौरुषाची चौकशी होते. शिमग्यात तर वर्षभर न बोलायचे ते बोलण्याचीच परवानगी असते. हे शब्द कोणाच्या तोंडी आहेत, कोणाला उद्देशून आहेत, आणि उद्या सकाळी त्या दोघी कोणत्या नात्याने एकमेकींसमोर बसणार आहेत, यावर त्यांचा अर्थ अवलंबून असतो. शिवी येथे नात्याची सही असते. जिला शिवी मिळाली नाही तिचा अपमान झाला, अशी ही व्यवस्था आहे.

आता नभोवाणीच्या अधिकाऱ्याची बाजू मांडली पाहिजे, कारण ती बाजू दुबळी नाही. रेडिओ एका घरात लागतो. त्या घरात सासरा, सून, शाळकरी मूल एका खोलीत असतात. लग्नमांडवात जो शब्द दोन विहिणींमध्ये होता, तो ध्वनिक्षेपित झाल्यावर कोणामध्येच राहत नाही. तो सर्वांवर सारखा पडतो. नाते गळून गेले की शिवी उरते. म्हणजे ते गीत मांडवात अश्लील नसूनही त्या खोलीत अश्लील होऊ शकते. दोष अनित्य आहे या तत्त्वाचा हाच तर अर्थ. म्हणून अशी गीते त्या वेळी प्रसारित केली नाहीत याबद्दल मी कोणाला दोष देणार नाही. आक्षेप पुढच्या पायरीला आहे. ज्या गीतांतून तो भाग वगळला, त्यांना 'पारंपरिक' असा शिक्का मारून संपूर्ण म्हणून सादर केले गेले. मांडवातील भांडण गेले, सणाची ललकारी राहिली. बोलीचा उच्चार प्रमाण मराठीकडे सरकला, आणि ढोल-तारप्याच्या जागी स्टुडिओतील हार्मोनियम-तबला आला. ज्या हार्मोनियमवर याच नभोवाणीने १९४० पासून कैक वर्षे बंदी ठेवली होती, ते लोकगीताच्या साथीला मात्र चालले, हा विनोद इतिहासानेच केला आहे.

शब्दांवरून गीत न वाजविण्याचा प्रकार आपल्या सरकारी नभोवाणीपुरता आहे, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील 'कंट्री' संगीत हे खाजगी केंद्रांच्या जोरावर वाढलेले ग्रामीण संगीत. लोरेटा लिन या गायिकेने गर्भनिरोधक गोळीविषयीचे गीत १९७२ मध्ये ध्वनिमुद्रित केले; ते कंपनीने १९७५ पर्यंत बाहेर काढले नाही, आणि काढल्यावर अनेक केंद्रांनी ते वाजविण्याचे नाकारले. तरी ते कंट्री गीतांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेले. त्या गीतात अश्लील शब्द नव्हता. अनेक बाळंतपणे झालेली खेड्यातली एक बाई आपल्या नवऱ्याला आता हिशेब बदलला आहे असे सांगते, एवढेच होते. दारू, व्यभिचार, खून यांची गाणी बिनबोभाट वाजविणाऱ्या केंद्रांना हे सांगणे सहन झाले नाही. आक्षेप ज्यावर घेतला जातो तो शब्द, आणि आक्षेपाचे जे कारण असते तो दावा, यांत अंतर असते. हे अंतर आपल्याकडे सर्वांत स्पष्ट दिसते ते आंबेडकरी गीतात.

वामनदादा कर्डक नाशिक जिल्ह्याचेच. सिन्नर तालुक्यातील देशवंडी हे त्यांचे गाव, १९२२ हे जन्मवर्ष. अक्षरओळख प्रौढपणी झाली, आणि त्यानंतर २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत हजारो गीते लिहून-गाऊन झाली. या गीतांत शृंगार क्वचित, शिवराळपणा जवळजवळ नाहीच. अश्लीलतेच्या निकषावर ती नभोवाणीच्या निम्म्या भावगीतांहून अधिक सोवळी ठरावीत. परंतु आकाशवाणीच्या आचारसंहितेत अश्लीलतेशेजारीच दुसरी कलमे आहेत: धर्मावर वा जमातींवर हल्ला नको, राजकीय पक्षावर नाव घेऊन टीका नको, सरकारवर वैरभावाने टीका नको. या कलमांचा हेतू समजण्यासारखा आहे. पण १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांच्या भूमीवर उभे असलेले गीत त्यांतून कसे पार पडावे? जुने देव नाकारणे हा त्या गीताचा विषय नाही, तो त्याचा प्रारंभबिंदू आहे. नकार वगळला तर उरते ती थोर पुरुषाची स्तुती. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दोन तारखांना नेमकी तीच वाजते. भीमाला माउली म्हणणारे गीत आत, जातीचा हिशेब मागणारे बाहेर. प्रल्हाद शिंदे यांचा एकच आवाज विठ्ठलाच्या गाण्यांत आणि भीमगीतांत ऐकणाऱ्यांना ही विभागणी किती कृत्रिम आहे हे वेगळे सांगायला नको. कॅसेट आल्यानंतर, म्हणजे १९८० च्या दशकात, चौकाचौकांत ती मोडूनही पडली. नभोवाणीच्या परवानगीचे मोल त्या दशकात जितके घसरले तितके केसकरांच्या काळातही घसरले नव्हते.

मराठीत गीताच्या शब्दांवरून नभोवाणीशी झालेला म्हणून ज्या प्रसंगाचा सर्वाधिक उल्लेख होतो, तो सावरकरांच्या सागराला उद्देशून लिहिलेल्या कवितेचा. ती स्वरबद्ध केल्यामुळे आपल्याला आकाशवाणीतील नोकरी गमवावी लागली, असे हृदयनाथ मंगेशकरांनी सांगितले आहे. ८ फेब्रुवारी २०२२ रोजी पंतप्रधानांनी राज्यसभेत त्याचा उल्लेख केला आणि त्या हकिकतीच्या खरेपणावर मग बराच वाद झाला. त्या वादात मी पडत नाही. मला त्यातली एकच गोष्ट अभ्यसनीय वाटते. वाद होऊ शकला, कारण कविता छापलेली होती, कवी प्रसिद्ध होता, संगीतकार प्रसिद्ध होता. १९७६ मध्ये आणीबाणीत किशोरकुमारांची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली तेव्हा तर शब्दांचा प्रश्नच नव्हता. गायकाने सरकारी कार्यक्रमाला नकार दिला एवढे पुरले. २००३ मध्ये अमेरिकेत डिक्सी चिक्स या गायिकांची गाणी अनेक कंट्री केंद्रांनी थांबविली, तीही रंगमंचावरून राष्ट्राध्यक्षांविषयी काढलेल्या एका उद्गारामुळे. या सर्व प्रसंगांना नावे आहेत, तारखा आहेत. मांडवात गाणाऱ्या बाईचे जे कडवे वगळले गेले, त्याला नाव नाही आणि तारीख नाही. बंदी नोंदली जाण्यासाठीही एक सामाजिक भांडवल लागते.

खाजगी एफएम २००१ पासून आले. काव्यदोषविचार आता फायलीवरून विपणन विभागाकडे गेला. मुंबईतील वाहिन्या मराठी गाणी लावीत नाहीत, ही तक्रार वर्षानुवर्षे होत राहिली. मराठी गाणे खालच्या बाजारपेठेचे, असा या वाहिन्यांचा हिशेब असल्याचे बोलले गेले. हा ग्राम्यतेचाच जुना दोष, नव्या हिशेबवहीत उतरविलेला. अश्लीलतेच्या नावाची गरजही आता उरली नाही. सरकारचे लक्ष दुसरीकडे होते: २०२२ च्या अखेरीस केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने एफएम वाहिन्यांना दारू, अमली पदार्थ, शस्त्रे आणि गुंडगिरी यांचे उदात्तीकरण करणारी गाणी न लावण्याची सूचना दिली. तिचे मूळ पंजाबी गीतांवरील वादात होते. आणि त्याच सुमारास महाराष्ट्रात लावणीच्या नावाखाली होणाऱ्या नृत्यकार्यक्रमांवरून जे वादळ उठले, त्यात आक्षेप हावभावांवर होता. गाणी नेहमीचीच, ध्वनिमुद्रित, पूर्वी नभोवाणीवरही वाजलेली. त्या शब्दांविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. नभोवाणीने वजा केलेले शरीर परत आल्याबरोबर तेच शब्द पुन्हा फडावरचे झाले, ही गोष्ट लावणीच्या अर्थनिष्पत्तीविषयी एखाद्या प्रबंधाइतकी बोलकी आहे. शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्येच लावणी कलावंतिणींच्या लैंगिकतेचे वर्चस्ववादी आत्मसातीकरण कसे झाले हे दाखविले होते. चित्रपटाने व नभोवाणीने लावणी घेतली आणि लावणीवालीला दाराबाहेर ठेवले, हे त्यांच्या विवेचनातून हाती लागते. मी त्यात एवढीच भर घालीन की दाराबाहेर ठेवलेल्या गोष्टींत लावणीवालीबरोबर तिचा उच्चारही होता, आणि उच्चार हा संहितेचा भाग आहे असे आपल्या समीक्षेने अजून मानलेले नाही.

आज हा प्रश्न अभ्यासकाच्या टेबलावर एका ठोस रूपात येतो. लोकगीतांवर काम करणारा पदव्युत्तर विद्यार्थी आधार म्हणून आकाशवाणीची ध्वनिमुद्रणे घेतो. ती सुबक असतात, गायकाचे नाव असते, पुढे 'पारंपरिक' असते. त्यांवरून तो निष्कर्ष काढतो की आदिवासी लोकगीत निसर्गाशी एकरूप, सणांत रमणारे, तक्रारविरहित आहे. हा निष्कर्ष लोकगीताविषयी नाही. तो कार्यक्रम-अधिकाऱ्याच्या अभिरुचीविषयी आहे. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी जमविलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांच्या शेजारी ही ध्वनिमुद्रणे ठेवून पाहावीत. तेथे ओवीबरोबर बाईचे नाव आहे, गाव आहे, आणि सासरच्या जाचाची, भावाच्या विसराळूपणाची, नवऱ्याच्या मारहाणीची ओवी देवाच्या ओवीला लागून आहे. कोणती आधी वाजवायची हा प्रश्न जमविणाऱ्यांना पडला नव्हता.

पेठ तालुक्यातील लग्नगीतांचे असे संकलन करायचे झाले तर प्रत्येक गीताला निदान चार नोंदी लागतील: कोणी म्हटले, कोणाला उद्देशून, विधीच्या कोणत्या टप्प्यावर, आणि उत्तरादाखल दुसऱ्या पक्षाने काय म्हटले. चौथी नोंद सर्वांत अवघड, कारण ध्वनिमुद्रण करणारा पाहुणा सहसा एकाच मांडवाचा असतो. दुसऱ्या बाजूच्या बायकांनाही बसवून, त्यांच्या बोलीत, त्यांनी दिलेले उत्तर घ्यावे लागेल, आणि वगळलेले शब्द वगळले आहेत असे वगळल्याच्या जागी लिहावे लागेल.